मोकळ्या जागेतलं नाव

माझी आई बोलू शकत नाही, पण गाऊ शकते. हे वाक्य गेल्या वर्षभरात मी इतक्या जणांना सांगितलंय की आता ते आपोआप तोंडून निघतं, माझं लक्ष दुसरीकडे असलं तरीही. तसं निघालं की मला स्वतःचाच राग येतो, कारण आईच्या गाण्याबद्दल डॉक्टर नेमकं हेच म्हणतात, की ते आपोआप निघतं.

आई धवलारीण. ठाण्याच्या खाडीकाठच्या आम्हा आगरी लोकांत भटजी नसला तरी लग्न लागेल, पण धवलारीण नसली तर अडेल, असं जुनी माणसं म्हणायची. हळद दळण्यापासून देवांना आवतण देण्यापर्यंत प्रत्येक विधीचं एक गाणं असतं, त्याला धवला म्हणतात, आणि तो ती म्हणते. आई शाळेत गेली नव्हती. मिठागरावर कामाला जाताना स्वतःच्या आईच्या मागून चालत चालत ती हे सगळं शिकली. आमच्या गावात, बाळकुमात, तेव्हा भातशेती होती. आता उंच इमारती आहेत आणि त्यांच्यामध्ये आमच्या भावकीची दुमजली घरं. इमारतीतले लोक हळदीला आमच्या डीजेची तक्रार करतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. डीजेच्या आधी आईचा धवला असायचा, त्याची तक्रार कधी कुणी केली नाही. तो मांडवाबाहेर ऐकूच जायचा नाही.

मागच्या वर्षी एका सकाळी चहा गाळताना ती खाली बसली आणि तिला उठता येईना. मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. उजवा हात लुळा पडला, बोलणं गेलं. हात हळूहळू थोडा परत आला, बोलणं आलं नाही. पाणी हवं असलं तरी ‘त, त’ एवढंच. लग्न होऊन मला इतकी वर्षं झाली, तरी तिचा फोन आला की पहिला प्रश्न ‘जेवलीस का गो?’ असाच असायचा. तो फोन येणार नाही हे लक्षात आलं तेव्हा मी पहिल्यांदा रडले.

काही महिन्यांनी शेजारी हळद होती, मांडव आमच्या खिडकीला लागूनच. बायका धवला म्हणत होत्या, निम्मा विसरून, एकमेकींच्या तोंडाकडे बघत. आमच्या खिडकीशी बसलेल्या आईनं तो मध्येच उचलला आणि शेवटपर्यंत म्हटला, कुठेही न अडखळता. वहिनी भाजी चिरत होती, ती विळी तशीच टाकून धावत आली. आम्हाला वाटलं, आई परत आली.

“आय, पानी पायजे का?” वहिनीनं विचारलं.

आई म्हणाली, “त, त.”

डॉक्टर भले होते. त्यांनी समजावून सांगितलं की बोलणं आणि गाणं मेंदूत वेगवेगळ्या वाटांनी येतं. बोलायची वाट बुजली, गाण्याची राहिली. “पाठ झालेलं असतं ते निघतं. समजून गातात असं धरून चालू नका,” ते म्हणाले.

“टेप लावल्यासारखं?” मी विचारलं.

“साधारण तसंच.”

टेप हा शब्द मीच पुढे केला होता, पण घरी येईपर्यंत तो डॉक्टरांचा झाला आणि भावानं तो भावकीत सांगूनही टाकला.

इथे माझ्या कामाबद्दल सांगायला हवं. मी डोंबिवलीत मराठी शिकवायचे. मराठी माध्यमाचे वर्ग बंद झाले आणि मी घरी बसले, मानपाड्याला. ठाण्यातही एक मानपाडा आहे, बाळकुमपासून जवळ, आणि माझं लग्न ठरलं तेव्हा मुलगी मानपाड्याला दिली म्हणून भावकी खूश झाली होती. डोंबिवलीचा मानपाडा हे कळल्यावर एक आत्या म्हणाली, “मंग पुन्याला दिली आसती तरी चालली आसती.” तर आता मी घरबसल्या एका कंपनीसाठी यंत्राची उत्तरं तपासते. लोक संगणकाशी बोलतात, तो मराठीत उत्तरं देतो. एका प्रश्नाची दोन उत्तरं माझ्यासमोर येतात, त्यातलं चांगलं कुठलं ते मी सांगायचं आणि शेरा लिहायचा.

सुरुवातीला त्याचं मराठी वाचून माझं डोकं फिरायचं. आता ते माझ्या बऱ्याच विद्यार्थ्यांपेक्षा शुद्ध लिहितं. वर्गात मी शुद्ध लिहिणाऱ्याला हुशार म्हणत आले, त्यामुळे माझी पंचाईत झाली आहे. त्याची एक खोड मात्र मला पक्की कळली. मोकळी जागा दिसली की भरायची. एखाद्या आडगावच्या देवळाबद्दल विचारा, माहीत नसलं तरी कधी कधी ते देऊळ बांधणाऱ्याचं नाव सांगून मोकळं होतं, तेही खऱ्या माहितीच्याच थाटात. ‘माहीत नाही’ म्हणायला त्याला शिकवावं लागतं. तसं माणसांनाही शिकवावं लागतं म्हणा.

आठवडाभर मी असल्या उत्तरांना शेरे द्यायचे आणि रविवारी बाळकुमला जाऊन आईसमोर बसायचे. यंत्राकडे सगळे शब्द होते, आणि आत कुणी आहे का हे मला ठाऊक नव्हतं. आईकडे एकही शब्द नव्हता, आणि आत ती आहे असं मी धरून चालले होते. कशाच्या जोरावर, ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. एकदा मी यंत्रालाच विचारलं, माणसाची भाषा गेली तर विचार उरतो का? उत्तर सुरेख आलं. शेवटी ‘आईची काळजी घ्या, आणि स्वतःचीही’ असंही होतं. मला बरं वाटलं, आणि मग बरं वाटल्याचा संताप आला. पण माझी थोरली बहीण गेली तेव्हा दारात आलेली माणसंही असंच गोड बोलली होती. भोग संपले पोरीचे, देवाची मर्जी, आता तुम्हीच धीर धरा. त्यांतलं कोण विचार करून बोलत होतं? तेव्हा यंत्राला एकट्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

थोरली गेली ती काविळीनं. लग्न ठरलेलं होतं, मांडवाचे बांबू येऊन पडले होते. ते बांबू नंतर कुणी नेले हेही मला आठवत नाही. त्या दिवसापासून आमच्या घरात तिचं नाव कुणी घेतलं नाही. ठरवून नव्हे. आई घ्यायची नाही, म्हणून आम्हीही घ्यायचो नाही. मीही इथे ते लिहिणार नाही.

हळदीच्या धवल्यात एक जागा मोकळी असते. तिथे नवरीचं नाव घालायचं, पुढच्या ओळींत तिच्या बापाचं, मामाचं, गावाचं. धवलारणीची खरी परीक्षा तिथेच. नवरीच्या जागी भलतंच नाव आलं तर मोठा अपशकुन. एका घरात एकीच्या तोंडून चुकून नवरीच्या मावशीचं नाव आलं, तर हळद पुन्हा दळली होती. आई कधी चुकली नाही.

गाणं परत आल्यावर आई रोज दुपारी गाऊ लागली. आणि त्या मोकळ्या जागी ती थोरलीचं नाव घेऊ लागली.

मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ओट्याशी कोलंबी साफ करत होते. हात तसेच राहिले. वहिनी माझ्याकडे बघत होती. “रोज घेते,” ती म्हणाली.

हे सगळं तसंच चाललं असतं, पण भाचीचं लग्न ठरलं. भावाची एकुलती एक मुलगी, आईची लाडकी नात. तिच्या हळदीला आई तिच्या पाटाशेजारी बसून धवला म्हणणार हे ती रांगत होती तेव्हापासून ठरलेलं होतं. आता वहिनीचा जीव थाऱ्यावर राहिना. एका रविवारी मला गच्चीवर नेऊन तिनं डोळ्यांना पदर लावला.

“बाय, मी सांगितलं तर मी वाईट ठरीन. पन माज्या पोरीच्या हलदीत गेलेल्या पोरीचं नाव नको गो. लोक काय बोलतील ते सोड, माजंच कालीज हलंल.”

तिला मी काय बोलणार? आईला वर्षभर न्हाऊ घालणारी तीच, भरवणारी तीच. मी रविवारची पाहुणी.

तोड काढली भाचीनं. ती संगणकाच्या नोकरीत आहे आणि आजीवर तिचा भारी जीव. भावकीतल्या जुन्या लग्नांच्या व्हिडिओंमधून तिनं आजीचा आवाज गोळा केला आणि यंत्राला शिकवला. “आत्या, ऐक ना,” म्हणत तिनं फोन माझ्या हातात दिला. आईच होती. तोच गळा, तिसऱ्या ओळीआधी घेतलेला तोच श्वास. आणि मोकळ्या जागी भाचीचं नाव, कुठेही सांधा न दिसता. आईनं ते नाव कधीच तसं गायलं नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडलं. भाचीनं ते प्रेमानं केलं होतं, यात शंका नाही.

मग तिनं ते आजीला ऐकवलं. आईनं शेवटपर्यंत ऐकलं. भाचीच्या गालावरून डावा हात फिरवला. मग फोन उचलून गादीवर पालथा ठेवला.

“बघितलंस? आवडलं नाही तिला,” मी म्हणाले.

“फोन ती नेहमी पालथाच ठेवते,” भाऊ म्हणाला. तेही खरंच होतं.

त्यानं ठरवून टाकलं. हळदीच्या दिवशी आई वरच्या खोलीत बसेल, खाली मांडवात स्पीकरवर तिचा आवाज लावायचा. “तिचाच आवाज हाय ना? मंग? नाव पन बरोबर येल.”

“आणि ती?”

“तिला काय कलतं आता,” तो म्हणाला. रागानं नाही. बोलताना त्यानं मान खाली घातली होती.

मला त्या घडीला जे वाटलं ती भीतीच होती. एकदा आईला वर बसवलं की या घरात ती टेप म्हणूनच राहणार. पुढच्या प्रत्येक कार्याला वर बसणार, तिच्यासमोर तिच्याबद्दल लोक बोलणार, आणि एक दिवस मीही बोलेन. मला कसंही करून पुरावा हवा होता. मास्तरकीची खोड जात नाही. मी तिची परीक्षा घेऊ लागले. हा फोटो कुणाचा? भाचीचा असला तर माझा हात दाब. कधी दाबायची, कधी नाही. थोरलीचा फोटो दाखवल्यावर तिनं माझा हात झटकून टाकला आणि भिंतीकडे तोंड केलं. ते उत्तर होतं की वैताग, मला शेरा देता येईना.

हळदीच्या आदल्या आठवड्यात भावाबरोबर मी कल्याणच्या बाजारात गेले. हळकुंडं, सुपारी, विड्याची पानं, सगळं तो अजून तिथूनच आणतो. परत येताना गाडी खाडीपुलावर अडकली. बाजूला ट्रक, पुढे ट्रक. मी डॉक्टरांचंच बोलणं मनात घोळवत होते. एकदा मी त्यांना विचारलं होतं, हेच नाव का येतं? ते म्हणाले होते, जी वाट सगळ्यात मळलेली, तिथून शब्द निघतो. सवयीचा शब्द.

“दादा,” मी म्हणाले, “ते नाव आपल्या घरात कुणी घेतलं का रे इतक्या वर्षांत?”

त्यानं हॉर्न वाजवला.

“आई घ्यायची?”

“नाय.”

“मग वाट मळली कशी?”

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी बोलत गेले, कारण बोलता बोलताच ते मला कळत होतं. आईनं गावोगाव जाऊन किती पोरींना हळद लावली. प्रत्येकीच्या हळदीला त्या जागी ती एक नाव मोठ्यानं घेत होती आणि एक मनात. मोठ्यानं घ्यायचं नाव दर वेळी बदलायचं. मनातलं बदललं नाही. आजारात मोठ्यानं घ्यायचं नाव गेलं, मनातलं राहिलं.

पुढचा ट्रक हलला. भावानं गाडी पुढे घेतली. बाळकुमला उतरताना तो “बघू” म्हणाला. आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे नाही.

मला मात्र माझी हळद आठवत राहिली. माझ्या नावाआधी आईनं एक श्वास घेतला होता, जरा लांब. मला वाटलं होतं, लेक सासरी चालली म्हणून गळा दाटला. किती वर्षं मी तो श्वास जपून ठेवला होता. पाटावर मी बसले होते आणि आईच्या मनात थोरली बसली होती. पन्नाशी उलटल्यावर गेलेल्या बहिणीचा मत्सर वाटतो का माणसाला? मला वाटला. दोन दिवस मी आईशी नीट बोलले नाही, आणि तिला ते कळलं की नाही हेही मला कळलं नाही.

हळदीच्या दिवशी ऊन उतरल्यावर मांडव भरला. आई वरच्या खोलीत, नवं लुगडं नेसवलेली, आणि तिच्याजवळ मी. खाली भाचीला पाटावर बसवल्याचा गलबला ऐकू आला, मग स्पीकर खरखरला आणि आईचा आवाज सुरू झाला. बायकांनी ‘अगो बाय’ म्हणत कौतुक केलं. आई खिडकीकडे बघत होती. दोन ओळी तिनं ऐकल्या. मग डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि उठली. मी तिला उठवलं नाही, हे मी भावाला नंतर शपथेवर सांगितलं. जिना उतरताना तिचं सगळं वजन माझ्यावर होतं.

मांडवात ती दिसताच भाचीनं पाटावरूनच फोनवरून स्पीकर बंद केला. बायकांनी जागा करून दिली. आई नेहमीच्या जागी, नातीच्या उजव्या अंगाला बसली, आणि स्पीकर जिथे थांबला होता तिथून पुढे म्हणू लागली. आवाज स्पीकरपेक्षा पुष्कळ कमजोर होता. मागच्या बायका पुढे सरकल्या. वहिनी हळदीची वाटी धरून उभी होती. सगळ्यांना ठाऊक होतं पुढे काय येणार.

ती ओळ आली. आई मोकळ्या जागेपाशी आली आणि थांबली.

तोंड उघडलं, मिटलं. इतके महिने रोज दुपारी त्या जागी ती थांबली नव्हती. तोंडात नाव तयार होतं, आणि ते तिनं अडवलं होतं. डावा हात नातीच्या हनुवटीखाली गेला, चेहरा वर उचलला, आणि ती बघत राहिली. मला रडू फुटलं. इतके दिवस मी तिच्या तोंडून काहीतरी बरोबर यावं म्हणून वाट बघत होते, आणि आत कुणीतरी आहे हे मला कळलं ते तिच्या न बोलण्यातून. तिथे कुणी नसतं तर थांबलं कोण असतं?

वहिनी वाकली आणि तिनं स्वतःच्या लेकीचं नाव आईच्या कानात सांगितलं. आईनं ते घेतलं आणि गायलं. पहिल्यांदा चाचरत, दुसऱ्यांदा स्वच्छ. वहिनीनं वाटी खाली ठेवली आणि आईचे पाय धरले.

विधींचा क्रम गावागणिक वेगळा असतो. आमच्या घरी हळदीनंतर आवतणाचा धवला. आधी गावदेवी, मग वेशीवरचा देव, मग खाडी, आणि शेवटी घरातली गेलेली माणसं, एकेका नावानं. घरचा कर्ता देवासमोर बसतो आणि प्रत्येक नावाला एक विडा मांडतो, म्हणजे लग्नाला त्यांची जागा झाली. भाऊ बसला होता. आजोबा झाले, आजी झाली. वडील झाले. ही नावं आईच्या तोंडून नीट आली. तिथे धवला संपतो. बिनलग्नाच्या पोरीला त्यात नसते जागा, कधीच नव्हती. भावानं सुपारीचं ताट बाजूला सारलं आणि हात पुसले.

आई थांबली नाही. तीच ओळ तिनं पुन्हा धरली आणि त्यात थोरलीचं नाव घेतलं. स्पष्ट, भरल्या मांडवात. तिथे मोकळी जागा नव्हती. आईनं ती केली.

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. कुणीतरी मागून पुटपुटलं. मी भावाकडे बघितलं. तो देवासमोरच्या विड्यांकडे बघत होता. मग त्यानं जुडीतून दोन पानं काढली, मांडीवर पुसली, एकावर एक ठेवली, वर सुपारी ठेवली आणि तो विडा वडिलांच्या विड्याशेजारी मांडला.

“म्हन आय,” तो मान वर न करता म्हणाला, “पुढं म्हन.”